उसनं वादळ

विमान जुनं झालं की त्याला जपून, बेताबेतानं उडवतात. वैमानिकाचं नेमकं उलटं असतं. तो जितका जुना होतो तितका वर वर जातो, आणि एकदा निवृत्त झाला की त्याला खाली आणणं जगातल्या कोणत्याही नियंत्रण कक्षाच्या हातात राहत नाही. नोकरीत असताना ज्या डोंगरावरून तो निमूटपणे, भरपूर अंतर राखून गेला, तो डोंगर निवृत्तीनंतर दरवर्षी थोडा वाढतो आणि विमानाच्या पोटाखालचं अंतर तेवढंच घटतं. भूगर्भशास्त्राला या डोंगरवाढीची अजून दखल घेता आलेली नाही, हा त्या शास्त्राचा दोष आहे.

ही वाढ बेशिस्त होऊ नये, रीतसर ठराव करून व्हावी, या उदात्त हेतूनं 'निवृत्त वैमानिक स्मृती व इतिहास मंडळ' स्थापन झालं. मंडळाची खोली चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. (जागा मुद्दाम निवडलेली नाही, पण धंद्याला बरी आहे, असं खालच्या दुकानदाराचं मत.) दर गुरुवारी सकाळी सभा भरते. खोलीत एक लांब टेबल, हातांच्या नऊ खुर्च्या, बिनहाताच्या पाच, भिंतीवर एक घड्याळ, आणि ते चुकलं तर असावं म्हणून शेजारी दुसरं. दोन्ही घड्याळांत सात मिनिटांचा फरक आहे. खरं कोणतं यावर एकमत होईपर्यंत सभा दोन्ही वेळांना सुरू करण्यात येते.

मंडळाचं कामकाज डोळे भरून पाहावं असं आहे. ज्यांनी उभ्या आयुष्यात यादी वाचल्याशिवाय एक बटण दाबलं नाही, ती माणसं खुर्चीतून उठतानाही शिस्त मोडत नाहीत. उठणाऱ्यानं आधी जाहीर करायचं, "उठायचंय." मग शेजारचा यादी वाचतो.

"चष्मा?"

"डोळ्यांवर."

"काठी?"

"उजव्या हातात."

"गुडघे?"

"डावा चालू. उजवा शंकास्पद."

"पँटची चेन?"

इथे उठणारा नेहमी छताकडे बघतो.

"बंद."

"बघून सांगताय की आठवून?"

मग बघितलं जातं. खोलीला स्वच्छतागृह एकच असल्यानं तिथे जाणाऱ्याला क्रमांक मिळतो, आणि मोकळं होईपर्यंत बाकीचे टेबलाभोवती डावीकडून उजवीकडे संथ घिरट्या घालतात. ज्याला धीर धरवत नाही त्यानं 'इंधन कमी' असं मोठ्यानं जाहीर केलं की त्याला अग्रक्रम मिळतो. (एक सभासद दर गुरुवारी इंधन कमी जाहीर करतात. त्यांची चौकशी चालू आहे.)

आठवणींचे चार वर्ग पाडलेले आहेत. इंजिन बंद पडणं, आग लागणं, चाकं न उघडणं, हवेचा दाब जाऊन माणसं बेशुद्ध होणं हा अ वर्ग. वादळ, वीज आणि बर्फ ब वर्गात. पक्षी आणि धावपट्टीवर आलेली जनावरं क वर्गात मोडतात. ड वर्गात विमानात झालेली बाळंतपणं येतात. त्यांना मान कमी, कारण त्यात कॅप्टनखेरीज आईचाही थोडा वाटा असतो. तरीही मंडळाच्या दप्तरी अशी सव्वीस बाळं जमा आहेत. सगळे मुलगे आहेत, आणि प्रत्येकाला त्या त्या कॅप्टनचंच नाव ठेवलेलं आहे. नोंदलेल्या वादळांची संख्या त्याच काळातल्या हवामान खात्याच्या आकड्याच्या तिप्पट भरते. यावर मंडळानं हवामान खात्याच्या निष्काळजीपणाबद्दल खेदाचा ठराव एकमतानं संमत केला.

मंडळाच्या नावात इतिहास आहे, त्यामुळे इतिहासाचीही आबाळ होत नाही. दर सभेत पहिली पंधरा मिनिटं एक जुने प्रशिक्षक 'मानवाची गगनभरारी' या विषयावर व्याख्यान देतात. ते दर वेळी "आदिमानवानं मान वर करून पक्षी पाहिला" इथून सुरुवात करतात. पक्षी म्हटल्याबरोबर क वर्गातल्या कोणाला तरी आपला पक्षी आठवतो, तो काचेवर कसा आदळला ते सांगून होईतो पंधरा मिनिटं संपतात. सहा वर्षं झाली, आदिमानव अजून मान वर करून उभा आहे.

अशा या थोर मंडळाला एक डाग होता. त्या डागाचं नाव कॅप्टन सुखरूप.

हे अर्थात पाळण्यातलं नाव नव्हे, मंडळानं ठेवलेलं. चौतीस वर्षं त्यानं विमान चालवलं आणि त्या चौतीस वर्षांत काहीही झालं नाही. इंजिन बंद पडलं नाही, चाक अडकलं नाही. वीज पडायची ती त्याच्यापासून सुरक्षित अंतरावर. त्याच्या विमानात एखाद्या बाईच्या पोटात दुखायला लागलंच, तर तो वेळेआधी उतरे, तिला दवाखान्यात पाठवी, आणि तिथे तिला सावकाश मूल होई. (त्याला भलतंच नाव ठेवत.) चौतीस वर्षं एकदाही काही न घडणं हे नुसत्या नशिबानं होत नसतं, असं एखादा म्हणेल. म्हणो. मंडळाच्या घटनेत न घडलेल्या गोष्टींसाठी रकानाच नाही.

म्हणून सुखरूप सहा वर्षं 'तात्पुरता सभासद' होता. त्याची खुर्ची बिनहाताची, हात धुवायच्या बेसिनजवळची. बिस्किटं फिरायची तेव्हा क्रीमची पूर्ण सभासदांकडे जात आणि साधी त्याच्याकडे येत. बोलण्याचा अधिकार मर्यादित होता. दुसऱ्याच्या आठवणीत त्यानं योग्य जागी "वा!" किंवा "बापरे!" म्हणायचं, एका आठवणीत तीनदाच. हे काम तो मन लावून करी. त्याचं "बापरे" इतकं मनापासूनचं होतं की काही सभासद त्याच्यासाठी आठवणीत मुद्दाम जागा सोडत.

एवढा अपमान सोसून तो दर गुरुवारी का जात होता? कारण साधं होतं आणि त्याला सांगायला लाज वाटे. त्याची बायको दातांची डॉक्टर. दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत. येणारे-जाणारे पेशंट त्याला 'डॉक्टरीणबाईंचे मिस्टर' म्हणत. भाजीवाला काका म्हणे, बँकेतली मुलगी "पुढे सरका" म्हणे. साऱ्या गावात ती एकच खोली अशी होती जिथे कोणी तरी त्याला "कॅप्टन, जरा साधी बिस्किटं घ्या" म्हणत असे. त्या वाक्यातल्या पहिल्या शब्दावर त्याचा आठवडा निघत होता.

आणि नेमक्या त्याच शब्दावर गदा आली. मंडळाचे अध्यक्ष कॅप्टन वादळ (स्वतःच्या मालकीची अकरा वादळं) यांनी एका गुरुवारी ठराव वाचून दाखवला. ज्या सभासदाच्या नावावर एकही घटना नाही, त्यानं येत्या वार्षिक जाहीर स्मृतिसंध्येत लोकांसमोर किमान क वर्गाची एक आठवण सादर करावी. न केल्यास त्याचं नाव 'प्रवासी' या सदरात टाकण्यात यावं.

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. (म्हणजे ज्यांनी कानाला यंत्र लावलंय त्यांना.) प्रवासी! माणसाला चोर म्हणा, लबाड म्हणा, पण वैमानिकाला प्रवासी म्हणू नये. सुखरूपच्या हातातलं साधं बिस्किट चहात पडलं आणि तळाला गेलं. त्यानं ते काढलंही नाही.

घरी आला तेव्हा बायको एका पेशंटच्या दाढेत वाकून बसली होती. तो दारातच उभा राहिला.

"काय झालं?" तिनं वर न बघता विचारलं.

त्यानं सांगितलं. बायकोनं यंत्र थांबवलं. ही बातमी तिलाही परवडणारी नव्हती. मागे मंडळाच्या खोलीला रंग देताना महिनाभर सभा बंद होती, तेव्हा गुरुवारी घरी बसलेला नवरा दवाखान्यात येऊन पेशंटांना सूचना द्यायला लागला होता. "नमस्कार. आपलं स्वागत. आपण आता खालच्या डाव्या दाढेकडे निघालो आहोत. वाटेत थोडे धक्के जाणवतील. कृपया खुर्चीचे हात धरून ठेवा." दोन पेशंट रडले होते, आणि एक खुर्चीतून उठून तोंडात कापूस तसाच ठेवून घरी गेला होता.

"अहो, चौतीस वर्षं," बायको म्हणाली, "कुठे एखादी माशी तरी शिंकली असेल!"

"शिंकली असती तर नोंदवली असती."

"कॉफी सांडली?"

"झाकण लावून देत."

"एकदा तुम्ही घरी आलात तेव्हा हात बर्फासारखे गार होते. मला चांगलं आठवतंय."

"आइस्क्रीम आणलं होतं मी. तुझ्यासाठी."

खुर्चीतल्या पेशंटला राहवेना. त्यानं तोंडातली नळी बाजूला केली आणि, "मी सांगू?" म्हणून आपल्या एका विमानप्रवासाची गोष्ट सुरू केली. काय ते विमान हललं होतं! काय ती माणसं किंचाळली होती! याच्या शेजारच्या गृहस्थांनी तर बायकोला सगळं खरं खरं सांगून टाकलं होतं, आणि मग विमान उतरल्यावर त्यांची पंचाईत झाली होती. सुखरूपनं शांतपणे विमानाची वेळ विचारली, मार्ग विचारला, साल विचारलं.

"ते मीच चालवत होतो," तो म्हणाला. "दुपारची वेळ होती. जमीन तापली की थोडं हलतं."

पेशंटनं नळी परत तोंडात घातली. आपल्या आयुष्यातली एकमेव भयंकर घटना कोणी अशी हातातून काढून घेतली की माणसाला दुसरं काय सुचणार? सुखरूपला त्याची दया आली. पण वाईट जास्त स्वतःचंच वाटलं. त्याच्या विमानातल्या प्रवाशांजवळसुद्धा आठवण होती, आणि त्याच्याजवळ नव्हती.

पेशंट गेल्यावर बायकोनं हातमोजे काढले आणि म्हणाली, "ज्या दाताला कधी काही होत नाही, त्याची माणसाला जन्मभर आठवण होत नाही. तुमचं तसं झालंय. बसा, चहा टाकते."

शेवटी मदत आली ती अध्यक्षांकडूनच. कॅप्टन वादळ कडक असले तरी निर्दय नव्हते. शिवाय सुखरूप गेला तर "बापरे" कोण म्हणणार, हा प्रश्न त्यांना रात्रंदिवस सतावत होता. पुढच्या गुरुवारी सभा संपल्यावर त्यांनी सुखरूपला जिन्यात गाठलं.

"हे बघ, माझ्याकडे अकरा आहेत," ते खालच्या आवाजात म्हणाले. "एक तुला वापरायला देतो. सातवं घे. फारसं वापरलेलं नाही."

"पण कॅप्टन, ते तुमचं..."

"अरे, वादळ आहे ते, माझं मूल नाही. मात्र परत करायचं. आणि जसं नेलंस तसं."

अटी ठरल्या. वाऱ्याचा वेग वाढवायचा नाही. विजा दोनच, तिसरी लागलीच तर आधी विचारायचं. विमान दगडासारखं खाली जातं ती जागा वापरायला हरकत नाही, पण तेव्हा सहवैमानिक ढसाढसा रडला हा तपशील अध्यक्षांच्या तिसऱ्या आणि नवव्या वादळासाठी राखीव आहे. सुखरूपनं सवयीप्रमाणे सगळ्या अटी शब्दशः परत म्हणून दाखवल्या. अध्यक्षांनी "बरोबर" म्हटलं आणि वादळ त्याच्या ताब्यात दिलं.

घरी तालीम सुरू झाली. बायकोनं त्याला दाताच्या खुर्चीत बसवलं, वरचा दिवा तोंडावर सोडला आणि स्वतः स्टुलावर बसली.

"हं. वादळ आलं. म्हणा."

"वादळ आलं."

"कसं आलं?"

"वायव्येकडून."

"अहो, भाजी आली म्हणावं तसं काय म्हणताय? माझ्या अंगावर काटा आला पाहिजे."

"काटा येण्यासारखं काही नसतं गं त्यात. ते बरंच आधी दिसतं."

"तुम्हाला दिसू दे. लोकांना सांगू नका!"

बाई चिकाटीची. हलणारा दात आणि न हलणारा नवरा दोन्ही कसे धरायचे हे तिला ठाऊक होतं. पंधरवड्यात तिनं त्याच्याकडून वादळ असं घोटून घेतलं की पहिली वीज पडली की बाहेर थांबलेला पेशंट दचके आणि दुसरीला उठून जाई. विमान दगडासारखं कोसळतं तिथे तर खुद्द बायकोनं स्टूल घट्ट धरलं. "झालं," ती म्हणाली, "आता तुम्हाला कोणी प्रवासी म्हणून दाखवावं."

स्मृतिसंध्येला सभागृह भरलं. सव्वाशे माणसं तरी असतील. विमान पडता पडता राहिल्याच्या गोष्टी म्हटल्या की लोक वेळेवर येतात. विमान वेळेवर पोचल्याच्या गोष्टींना कुत्रं फिरकत नाही. आधी आदिमानवानं मान वर करून पक्षी पाहिला. मग चिटणीस कॅप्टन एकइंजिन उठले. त्यांची आठवण सुरुवातीला, फार वर्षांपूर्वी, दोनातलं एक इंजिन बंद पडल्याची होती. वार्षिक वाढ मिळत मिळत आता त्यांच्या चार इंजिनांच्या विमानातली पाच बंद पडतात. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मग अध्यक्षांनी आपलं चौथं वादळ सोडलं, आणि पुढच्या रांगेतल्या एका आजोबांना बाहेर नेऊन पाणी पाजावं लागलं.

मग सुखरूपचं नाव पुकारलं. तो उठला. (चष्मा, काठी, गुडघे, चेन. बघून.) माइकसमोर उभा राहिला, आणि इतक्या माणसांना ओळीनं बसलेलं पाहिल्यावर त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "नमस्कार. मी आपला कॅप्टन बोलतोय."

सभागृह सावरून बसलं. आवाज होताच तसा, खोल, मऊ, कुठेही न अडकणारा. त्यानं विमान वर नेलं. ढगांच्या वर आणलं. तिसऱ्या रांगेत बायकोनं पर्स छातीशी धरली. मंचावर अध्यक्ष ओठांतल्या ओठांत शब्द पुटपुटत होते, शाळेच्या नाटकात मुलाचं काम पाहणाऱ्या आईसारखे.

"आणि तेवढ्यात," सुखरूप म्हणाला, "समोर, वायव्येला, काळंकभिन्न वादळ!"

सव्वाशे माणसांनी श्वास रोखला.

"ते रडारवर दिसलं तेव्हा बरंच लांब होतं. म्हणून आम्ही परवानगी घेतली आणि उजवीकडून वळसा घातला."

क्षणभर कोणाला काही कळेना. सगळ्यांत जास्त धक्का खुद्द सुखरूपला बसला होता. हे वाक्य तालमीत नव्हतं. त्यानं घाम पुसला, घोटभर पाणी घेतलं, आणि वादळ पुन्हा समोर आणलं. या खेपेस अगदी नाकासमोर. पहिली वीज चमकली. आता फक्त आत शिरायचं होतं. त्यानं तोंड उघडलं. "तेव्हा आम्ही डावीकडून गेलो," तो म्हणाला.

"आत जा!" मंचावरून अध्यक्षांचा आवाज आला. "अरे, आत जा!"

तिसऱ्यांदा त्यानं प्रयत्न केला. मनापासून केला. त्याला ती हातांची खुर्ची दिसत होती, क्रीमचं बिस्किट दिसत होतं, आणि 'प्रवासी' हा शब्दही दिसत होता. एकच वाक्य खोटं बोलायचं होतं, तेही उसनं घेतलेलं. पण त्याचे दोन्ही हात माइकच्या दांड्यावर आपसूक उजवीकडे वळले.

"जमत नाही, कॅप्टन," तो वळून अध्यक्षांना म्हणाला. "मागे माणसं बसलीत."

संपलं. सहा वर्षांचं "बापरे" मातीत गेलं. आता खाली उतरावं आणि निघून जावं, असं त्याला वाटलं. पण विमान अजून हवेत होतं, आणि सव्वाशे माणसांना मध्येच सोडून जाणं त्याच्या रक्तात नव्हतं. तेव्हा तो पुढे बोलत राहिला. जे खरंच व्हायचं तेच सांगत गेला. उंची कायम होती. वारा पाठीमागून होता. पट्टे बांधायचा दिवा विझला. झाकण लावलेली कॉफी आली. खाली एक नदी दिसली, थोड्या वेळानं तिचं वळण दिसलं, थोड्या वेळानं दुसरं. सहवैमानिकानं विचारलं, "सगळं ठीक?" हा म्हणाला, "सगळं ठीक." इंजिनं एका सुरात चालत होती, दोनच होती, दोन्ही.

पहिली काही मिनिटं लोक चिडले. कोणी खाकरलं, कोणी घड्याळ पाहिलं. मग मागच्या रांगेत एक मान कलली. मग दुसरी. एका बाईनं चपला काढून पाय पोटाशी घेतले. एक तरुण गृहस्थ अनोळखी म्हाताऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकून घोरू लागले, आणि म्हाताराही घोरत असल्यानं तक्रार आली नाही. मंचावर एकइंजिन बंद पडले. शेवटी अध्यक्षांची मान हळूहळू खाली आली आणि चिटणिसांच्या खांद्यावर अलगद टेकली. सगळ्यांची तोंडं उघडी होती. जागी होती एकटी बायको, आणि ती त्या उघड्या तोंडांतल्या आपल्या हातच्या दाढा मोजत होती.

सुखरूपनं समोर पाहिलं. हे त्यानं पाहिलेलं होतं. लांबच्या प्रवासात पाय मोकळे करायला तो बाहेर येई, पडद्याशी उभा राही, आणि मंद दिव्यात सगळं विमान असंच झोपलेलं दिसे. कोणाची बुटं सुटलेली, कोणाचं मूल भलत्याच मांडीवर. आपण कोणाच्या भरवशावर झोपलोय हे त्यातल्या एकालाही माहीत नसे. तो तिथे मिनिटभर उभा राही, आणि त्याला इतकं बरं वाटे की परत जाऊन बसताना तो खुर्चीचा आवाजसुद्धा होऊ देत नसे. हीच त्याची आठवण होती. चौतीस वर्षं जवळ होती, पण ती कोणत्याच वर्गात बसत नव्हती.

त्यानं आवाज आणखी खाली आणला. हळूहळू, एकेक वाक्य लहान करत, त्यानं सगळ्यांना खाली घेतलं. चाकं कधी टेकली ते त्याचं त्यालाही कळलं नाही. "आपण पोचलो," तो म्हणाला, आणि चष्मा काढून पुसला.

त्याबरोबर सगळे खडबडून जागे झाले, ताडकन उठले, खुर्च्यांखालच्या पिशव्या ओढल्या आणि दार उघडायच्या आत दाराशी गर्दी करून उभे राहिले. मंचाकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. वाटेत एकमेकांच्या पायांवर पाय मात्र दिले.

दोघं घरी निघाली. वाटेत बायको म्हणाली, "अहो, उतरलो ते कळलंसुद्धा नाही हो." रस्ता ओलांडताना सुखरूपनं तिचा हात धरला, आणि फुटपाथ आल्यावरही सोडला नाही.

पुढच्या गुरुवारी चौकशी समिती बसली. अध्यक्षांनी वादळ परत घेऊन तपासलं. ते न वापरलेलं निघालं. म्हणजे घटना शून्य. 'प्रवासी' सदर उघडण्यात आलं. इतक्यात चिटणिसांनी एक बारीक मुद्दा काढला. सभागृहात सव्वाशे माणसं एकाच वेळी शुद्धीत नव्हती, ही वस्तुस्थिती होती. स्वतः अध्यक्ष झोपले होते म्हणावं, तर ते सभेत कधीही झोपत नाहीत असा ठराव दप्तरी होता. ज्या अर्थी अध्यक्ष झोपलेले नव्हते, त्या अर्थी ते बेशुद्ध होते. ज्या अर्थी सगळेच बेशुद्ध होते, त्या अर्थी हवेचा दाब गेला होता. हवेचा दाब जाणं हा अ वर्ग. आणि अशा भीषण परिस्थितीत एका माणसानं भान न सोडता सर्वांना एकट्यानं खाली आणलं, हे तर सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं. ठराव एकमतानं संमत झाला.

आता सुखरूपला हातांची खुर्ची आहे. तो अधूनमधून "अहो, माणसं नुसती झोपली होती" असं सांगू पाहतो, पण थोरांचा विनय म्हणून ते सोडून देण्यात येतं. पहिल्याच वार्षिक वाढीत बेशुद्धांचा आकडा चारशेवर गेला. बिस्किटं फिरतात तेव्हा चिटणीस म्हणतात, "कॅप्टन, क्रीमचं घ्या." तो घेतो, आणि उघडून क्रीम बायकोसाठी कागदात बांधून ठेवतो. (डॉक्टरीणबाईंनी गोड बंद करायला सांगितलंय, फक्त पेशंटांना.)

राहता राहिलात तुम्ही. सुरुवातीपासून तुम्ही यात एखादं विमान पडायची वाट बघत इथवर आलात. इंजिनं बंद पडली तिथे डोळे मोठे केलेत, आणि मधल्या नदीच्या वळणाशी तुमचाही जरा डोळा लागला, हे आम्हाला इथून दिसलं. असो. सुखरूप पोचलात. चालवणाऱ्याला काही म्हणाला नाहीत, ते कोणीच म्हणत नाही. फक्त एवढी विनंती आहे की पट्टे बांधायचा दिवा अजून विझलेला नाही आणि दारही उघडलेलं नाही, तेव्हा हातातली पिशवी खाली ठेवा आणि बसा.